पाण्याला विचारून काढलेले पॉइंट

बाथरूममध्ये विजेचे पॉइंट कुठे काढायचे हे पाण्याला न विचारताच ठरवलं, हा शुद्ध बावळटपणा होता, असं सुनेत्रा स्वतःच सगळ्यांना सांगते. पंचेचाळिशीची बाई, पण भिंतीवर पेन्सिलीने फुल्या मारून मोकळी झाली. वायरमन दस्तगीरभाई आले, फुल्या बघितल्या आणि काढलेली छिन्नी त्यांनी परत पिशवीत टाकली.

"वहिनी, पाण्याशी बोललात?"

"राहिलंच बघा."

"मग मी भिंतीला हात लावत नाही. मागं एका घरात असंच न विचारता केलं. पाणी रुसलं. अजून वरच्या मजल्यावर चढत नाही."

फुल्या होत्या तीन. गिझरची आणि आरशाजवळची, या दोन साध्याच होत्या. जीव अडकला होता तो तिसरीत. सुनेत्राच्या सासूबाई, माई, अंघोळ करताना घसरल्या होत्या. तेव्हापासून त्या दार उघडं ठेवून अंघोळ करायच्या आणि सुनेत्रा पडद्याआड उभी राहून सारखी "झालं का?" विचारायची.

"उभ्या जन्मात कुणासमोर पदर ढळू दिला नाही," माई म्हणायच्या, "आणि आता पहाऱ्यात अंघोळ. त्यापेक्षा पारोशी बसेन." एकदा खरंच बसल्या. म्हणून सुनेत्राला त्यांच्या स्टुलाशेजारी, अगदी खाली, घंटेचं बटण हवं होतं. पडल्या तर दाबतील. मग दार लावता येईल.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तसं सुनेत्राने माई आणि दस्तगीरभाईंच्या समोर ते तांब्यात घेतलं, पाटावर ठेवलं, तांब्याला हळदकुंकू लावलं. आणि दारी कुणी आलं की तोंडातून जे आपोआप निघतं, तेच निघालं. "पाणी आणू?"

"कुणाला?" पाण्याने विचारलं.

माईंनी पदर तोंडात कोंबला.

"म्हणजे, चहाच ठेवते."

"ठेवा. त्यातही मीच असणार, पण ठेवा."

मग बोलणी सुरू झाली. गिझर वर छताजवळ बसवायला पाण्याची हरकत नव्हती. "मी तिथवर उडत नाही. वाफेचा शब्द मात्र मी देणार नाही. ती एकदा वेगळी झाली की माझं ऐकत नाही. पंखा बसवून घ्या."

"आणि आरशाजवळ? केस वाळवायला."

"बेसिनपासून चांगलं हातभर सोडा. माझे शिंतोडे लहान आहेत, त्यांना अजून वळण नाही."

दस्तगीरभाईंनी फुली सरकवली. सुनेत्राने घसा साफ करून तिसरी दाखवली.

"नाही," पाणी म्हणालं.

"अहो, पण खाली पडलेल्या माणसाचा हात पोचायला नको?"

"खाली पडलेल्या माणसाचा हात जिथे पोचतो, तिथे मी आधीच पोचलेलं असतं. उतारच तसा आहे. विजेशी माझं वैर नाही. पण आम्ही दोघं भेटलो की मधल्या माणसाचं काही खरं नसतं."

"एवढ्या कोपऱ्यापुरतं जरा आवरून नाही का घेता येणार?"

"येईल म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ते खोटं होईल."

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "राहू दे गं. पहारा तर पहारा." इतक्या बारीक आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

तांब्यातलं पाणी जरा हललं.

"घंटा हवीच कशाला?" ते म्हणालं. "मी तिथे असतंच की. पडल्या तर येऊन सांगेन. दाराखाली बोटभर फट ठेवा म्हणजे झालं."

"आणि माझ्याकडे बघत बसणार?" माई म्हणाल्या.

"लहानपणापासून बघत आलंय. कधी कुठे बोललंय?"

माईंनी जरा विचार केला. "ते मात्र खरं हो," म्हणाल्या आणि हसल्या.

त्या दिवसापासून अंघोळीला दार लागलं. आतून माईंचं स्तोत्र मोठ्याने ऐकू यायला लागलं, तेही चुकीच्या चालीत, आणि सुनेत्राला पोळ्या लाटताना उगाचच भरून यायचं. किती दिवसांनी घर सरळ झाल्यासारखं वाटत होतं.

एका गुरुवारी ती कणीक मळत होती. बाथरूममधून पाणी बाहेर आलं, पॅसेज ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं आणि तिच्या पायाशी थांबलं.

"पडल्यात. फार लागलेलं नाही. पंचा घेऊन या. आणि दार आधी वाजवा, असा निरोप आहे."

सुनेत्राने दार वाजवलं. "ये," माई आतून ऐटीत म्हणाल्या. तिने त्यांना उठवलं, कोरडं केलं, पलंगावर बसवलं, गरम दूध दिलं. घोटा जरा दुखत होता, एवढंच.

परत आली तर पाणी ओट्याखाली तसंच थांबलेलं. कणकेच्याच हातांनी तिने हात जोडले. डोळे भरून आले होते.

"तुमचे उपकार कसे फेडू हो मी?"

"ते नंतर बघू," पाणी म्हणालं. "आधी फडकं आणा. नाहीतर आता तुम्ही पडाल, आणि मला सांगायला माईंकडे जावं लागेल."