धर्माकाकांचा वाढता डबा

धर्माकाका बॅटरीचा वास घेतात. मासळीचा कल्ला उघडून पाहावा तशा गंभीरपणे ते जुन्या लॅपटॉपमधला बोटाएवढा सेल नाकाशी धरतात आणि म्हणतात, "गोड वास येतो. ह्यो फुटलाय. टाक."

आम्ही तारापूरजवळच्या कोळीवाड्यात शेजारी. बोट विकल्यापासून काका बोईसरच्या भंगारवाल्याकडून मेलेल्या बॅटऱ्या आणतात. आतले सेल सुटे करतात, चार्ज करून आठ दिवस नुसते ठेवतात. "जो गपचूप उतरतो तो दगाबाज." जे टिकतात त्यांचे मासळीसारखे वाटे लावतात, सारख्या ताकदीचे एकत्र. मग पट्ट्यांनी जोडून प्लॅस्टिकच्या डब्यात बसवतात. बोंबील सुकवायच्या बांबूंवर आता सोलर पॅनल बांधलेत; त्यांवर हे डबे भरतात.

पॅनल बसलं तसं काकांनी घरची वीज तोडून घेतली. मी अणुवीजविरोधी चळवळीतला; भारावलो. वीजकेंद्राच्या उशाला राहून त्याची वायर नाकारणारा माणूस आमच्या गल्लीत होता. मी लगेच पत्रक छापलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि सेलखाली अंथरलं. "कागद बरा हाय, पत्रकवाले. अजून आण."

एक गोष्ट पत्रकात नव्हती. वीज तोडली त्या दिवशी फ्रीजमध्ये जमनाकाकीची विकायची कोळंबी होती. डब्यांवर फ्रीज चालेना, सगळी सडली. काकी पिशवी भरून वाणगावला लेकीकडे गेली, ती गेलीच.

"मग घ्या ना वीज परत जोडून," मी म्हटलं. तत्त्व गिळूनच म्हटलं.

"आणि उद्या ती बोलली, जोडायचीच होती तर माझी कोळंबी कशाला सडवली? मी काय सांगू?"

दर रविवारी काका डबा सायकलला बांधून वाणगावला जातात. एकदा मीही सोबत गेलो. लेकीच्या ओटीवर छताचा पंखा गरगरत होता. काकीने तो बंद केला. काकांनी डब्याला एक छोटा पंखा जोडला. दोघं त्याच्यासमोर बसले. बोलणं असं काही नाही. पापलेट मिळतं का, गुडघा कसा आहे.

"आईची अट हाय," लेक मला हळूच म्हणाली. "डब्यावर पंखा चालेल तवर बसायचं. थांबला का उठायचं."

पहिला डबा वीस मिनिटं चालला होता. तेव्हापासून दर आठवड्याला काका त्यात सेल वाढवत आलेत.

त्या दिवशी दोन तासांनी पंखा मंदावला. त्याची पाती एकेक दिसायला लागली. काका पायाने चपला चाचपू लागले. तेवढ्यात काकीने हात लांब करून बटण दाबलं.

"का गो, बंद केलास?"

"गार लागतं," काकी म्हणाली. मे महिना होता. "बसा. तो थांबला नाय. मी थांबवला."