दाखलेमामांच्या आईचं ताट

आमच्या मंगळवार पेठेत कुणी आजारी पडलं की घरचे दोन कामं करतात. आधी डॉक्टरला फोन लावतात आणि मग दाराला आतून कडी घालतात. कडी दाखलेमामांसाठी.

मामांचं खरं नाव सर्जेराव. सगळा जन्म शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीपुढं गेला, आता सत्तरी उलटलीय. घरात मुलगा, सून, नोकरीला लागलेली नात. पांढऱ्या मिशा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आजाऱ्याला बघायला येताना मोसंबी आणतात, उशाशी बसतात, कपाळावर हात ठेवतात, आणि मग शेजारच्या घरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "आधार कार्ड कुठं ठेवलंय?"

आजारी माणूस निम्मा तिथंच बरा होतो. भीतीनं.

पलीकडच्या गल्लीतल्या बापू पैलवानाला मागं साधा ताप आला होता. मामा गेले आणि म्हणाले, "बापू, कार्डावर बापू हाय का बाबूराव? दवाखान्यात एक नाव, बँकेत दुसरं, असं झालं तर मागनं पोरांचं हाल हुत्यात." बापू अंथरुणातून उठला आणि हातात तांब्या घेऊन कोपऱ्यापर्यंत मामांच्या मागं धावला. माझं चटणी कांडपाचं दुकान त्याच कोपऱ्यावर आहे. मामा धापा टाकत आत शिरले, मिरचीच्या पोत्यामागं दडले आणि मला म्हणाले, "ताप उतरला बघा त्येचा, वैनी."

बरं, माणूस गेल्यावर तरी गप्प बसावं? छे! रक्षाविसर्जनाला सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत असतात. विधवा बाई पदरात तोंड खुपसून बसलेली असते. आणि हे तिच्या दिराच्या कानाशी लागतात, "दवाखान्यात पूर्ण नाव काय लावलंय? मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जादा काढायच्या. एकच काढली की बँक ठेवून घेती, मग तलाठ्याला काय दाखवशीला?" एकदा माझ्याच सासऱ्यांच्या वेळी मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. मामांना काही नाही. "रडाय सगळी येत्यात, वैनी. रांगंत कोण उभारतंय?" एवढंच बोलले.

आता खोटं कशाला बोलू, रांगेत तेच उभारतात. पेठेतल्या निम्म्या घरांचे दाखले त्यांनी आणून दिलेत. रिक्षाचे पैसेसुद्धा घेत नाहीत. चहा दिला तर पितात, आणि पिता पिता घरातल्या म्हाताऱ्या बाईला एक प्रश्न हमखास विचारतात, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

ह्या प्रश्नाचा आम्हाला फार राग यायचा. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात नवं नाव लिहितो, आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याआत राहतं. म्हाताऱ्या बाईला त्याचं काय करायचंय? पण मामांना ते पाहिजेच. मला वाटायचं, असते एकेकाला खोड.

मागच्या थंडीत माझ्या आईला न्यूमोनिया झाला. नव्वदीला टेकलेली बाई, मी तिला उपचाराला माझ्या घरी आणली. दुसऱ्याच दिवशी मोसंबी घेऊन मामा दारात हजर. मी उंबऱ्यातच आडवी आले.

"मामा, मोसंबी द्या आणि जावा. आईपुढं आधार कार्डाचं नाव काढलंत तर ह्या डोळ्यांत चटणी टाकीन."

"न्हाय काढत की, वैनी. तुमची आन."

आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय गं? पावण्यास्नी दारात का उभं केलंयस?"

झालं. मामा आत, उशाशी, कपाळावर हात. शब्दाला जागले, कार्डाचं काही बोलले नाहीत. पण जीभ कुठली गप्प बसायला! "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

माझी आई चक्क लाजली. तोंडाचं बोळकं पसरून म्हणाली, "चंपा." सगळं गाव तिला पार्वती म्हणतं आणि तिचे भाऊ आक्का म्हणायचे. चंपा हे मी, तिच्या पोटची लेक, पहिल्यांदा ऐकलं.

"आन गाव?"

आईनं पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आपल्या माहेरच्या वाडीचं नाव सांगितलं. मामांचा हात तिच्या कपाळावर होता तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "माझ्या आईचं माहेर बी त्येच."

मामांना आई आठवत नाही हे पेठेला माहीत होतं, पण त्यापुढचं त्या दिवशी कळलं. मामा रांगत होते तेव्हा ती माहेरी गेली आणि तिकडंच वारली. बापानं दुसरी केली. दुसरी आई चांगली होती, तिनं मामांना पोटच्यासारखं सांभाळलं. पण पहिलीचं नाव घरात कुणी काढलं नाही. फोटो नाही, तिथी नाही. तिचा एकुलता भाऊ होता तो गाव सोडून गेला. आता बाप गेला, धाकटी आईही गेली. पितृपक्षात म्हाळ घालायचा तो बापाच्या तिथीला, आणि त्याच दिवशी दोन्ही आयांची ताटं बापाशेजारी.

"तिचा असा दिवस न्हाय, मावशी," मामा म्हणाले. "सवतीच्या मांडीला मांडी लावून, नवऱ्याच्या दिवसाला जेवती. मला लई वंगाळ वाटतंय. कवा मेली तेवढं कळलं तर तिचं तिला पान वाढीन म्हणतो. पन्हाळ्याच्या कचेरीत जाऊन जाऊन चपला झिजल्या. हौसाबाईची नोंदच न्हाय म्हणत्यात."

"हौसा?" आई छताकडं बघत राहिली. "आमच्या वाडीत हौसा कोण न्हवतीच बाबा. तुझा बाप कुठला?"

"ह्याच पेठंतला. तालमीत हुता."

आई उठून बसली. न्यूमोनियाची बाई, आधाराशिवाय उठून बसली! "कोल्हापुरात पैलवानाला दिलेली? आरं लेकरा, मग तू तानीचा व्हय! माझी मैत्रीण रं ती. दुसऱ्या बाळंतपणाला आली आन बाळासकट गेली. तू रांगत हुतास."

मामांचा पैलवान बाप लग्नात तांदळात हौसा लिहून मोकळा झाला होता. पण पोर माहेरी वारली, तेव्हा नोंदीसाठी गावच्या कोतवालाला वर्दी दिली तिच्या बापानं, आणि बाप लेकीला तानीच म्हणणार. जगाची दोन-दोन नावं तपासत फिरणाऱ्या मामांना स्वतःच्या आईचं दुसरं नाव तेवढं मिळत नव्हतं. आईच्या वाडीची कुणी भेटेल म्हणून हा माणूस सगळ्या म्हाताऱ्यांना माहेरचं विचारत सुटतो, ते मला तेव्हा उमगलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला मिरची कारण नव्हती.

"जा त्येच्याबराबर," आईनं मला दम दिला. "एकट्याला सोडू नको."

आम्ही एसटीनं पन्हाळ्याला गेलो. अर्जात एक रकाना असतो, दाखला कशासाठी हवा? लोकांचे असले अर्ज भरून भरून मामांना सगळी कारणं तोंडपाठ. वारस नोंद, विमा, पेन्शन. पण स्वतःच्या अर्जावर पेन अडला.

कारकून म्हणाला, "जमिनीचं काही आहे का, आजोबा?"

"न्हाय."

"मग काय लिहायचं?"

"जेवाय घालायचंय," मामा म्हणाले.

कारकून भला माणूस होता. त्यानं हसू दाबून 'वैयक्तिक' लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. त्या आठवड्यात मामा एकाही आजाऱ्याकडं फिरकले नाहीत. पेठेला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बापू पैलवानसुद्धा विचारून गेला, "मामा बरं हाईत न्हवं?"

पुढच्या खेपेला कारकुनानं जुनं बाड काढून ठेवलं होतं. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. तानी, बापाचं नाव, गाव, तारीख, बाळंतरोग, वय एकोणीस.

मला वाटलं, मामा तारखेवर झडप घालतील. त्यांनी तारखेकडं बघितलंच नाही.

"एकोणीस?" त्यांनी विचारलं. "चुकलं नसंल न्हवं?"

"असंच लिहिलंय, आजोबा."

"माझी नात तिच्यापरास मोठी हाय," मामा मला म्हणाले. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांनी आजवर मनात एक म्हातारी धरली होती. वाकलेली, पांढऱ्या केसांची, आपल्याला हाक मारणारी. बहात्तर वर्षांच्या माणसाला एकोणीस वर्षांची आई कशी सुचणार? परतीच्या एसटीत ते खिडकीला टेकून मुकाट रडत होते. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

तारखेवरून भटजींनी तिथी काढून दिली. चैत्रातली निघाली. आदल्या दिवशी मामा दुकानात आले. पिशवी नाही, आवाज नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "वैनी, एकोणीस वर्साच्या पोरीला काय खायला आवडतंय वो?"

मी म्हटलं, "मामा, मला काय ठाऊक? आईला विचारू चला."

आई तोवर ठणठणीत झाली होती. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. "कैरी. तिखटमीठ लावून. दात आंबस्तोवर खायची. आन जत्रंतलं भेंड-बत्तासं. आन बांगड्या हिरव्याच पायजेत, दुसऱ्या घालायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. माजघरात एकच पान मांडलं होतं, शेजारी दुसरं कुणाचं नाही. पानात कैरीच्या फोडी, त्यावर माझ्याच दुकानातली चटणी, भेंड-बत्तासे, आणि कडेला हिरव्या बांगड्या. सून घाबऱ्या घाबऱ्या खिरीची वाटी घेऊन उभी होती. "मामंजी, खीर आन वडं तरी ठेवू या की. असं कुठं पान असतंय व्हय?"

मामांनी मान हलवली. नातीच्या डोक्यावरून फिरवावा तसा पानावरून हात फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच शेजारच्या घरात ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"नगं. इतकी वर्सं म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसवली मी तिला. कटाळली असंल पोरगी."