पेटी निरंक

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दाखला कार्यालयाच्या आवक ट्रेमध्ये एक गोष्ट आढळून आली. ती ओली होती, तिला उग्र वास होता आणि ती ‘कार्यालयीन स्वच्छतेबाबत’ या परिपत्रकाच्या बरोबर मधोमध होती.

आवक टेबलावर गेली वीस वर्षं एकच बाई बसत. त्यांना सगळे आवकबाई म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मुख्य लिपिकांना हाक मारली. मुख्य लिपिकांना झोपेतसुद्धा नियम पाठ असत, म्हणून त्यांना नियमकाका म्हणत.

“काका, हे बघा काय झालंय.”

नियमकाकांनी चष्मा वर करून पाहिलं, मग खाली करून पाहिलं. “ट्रेमध्ये आलंय ना?”

“ट्रेमध्येच आलंय.”

“मग आवक क्रमांक टाका. ट्रेमध्ये आलेल्या प्रत्येक बाबीची नोंद व्हायला हवी.”

आवकबाईंनी चार हजार चारशे सतरा हा क्रमांक टाकला. ‘कोणाकडून’ या रकान्यात त्या क्षणभर अडल्या. उत्तर तर समोरच बसलं होतं आणि डावा पंजा चाटत होतं.

टाचणी ही कार्यालयाची मांजरी. अंगानं काटकुळी, शेपटीचं टोक वाकलेलं. उंदरांनी दप्तरखान्यातलं एक अख्खं वर्ष खाऊन टाकलं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या माणसांना आपण जन्मलो हे सिद्ध करता येईना, तेव्हा तिला आणलं गेलं. चार वर्षांत तिनं एकही रजा घेतली नाही. दप्तरखान्याच्या कोपऱ्यात वाळू भरलेली प्लास्टिकची उघडी पेटी होती आणि टाचणी ती अत्यंत शिस्तीनं वापरत असे. वाळू बदलायचं काम शिपाईदादा करत. कार्यालयात वेळच्या वेळी होणारं ते एकमेव काम होतं, असंही काही जण म्हणत.

बिघडलं ते पंधरा दिवसांपूर्वी. दुसऱ्या कुठल्याशा कार्यालयात तक्रारपेटीतून तक्रारी चोरीला गेल्या. चोर कोण ते कळलं नाही, त्या कोणाविरुद्ध होत्या तेही कळलं नाही. पण वरून आदेश आला: ‘कार्यालयातील सर्व पेट्यांना झाकण, कुलूप व क्रमांक असावा. टाकण्यासाठी झाकणास अर्धा इंच रुंदीची फट ठेवावी. पेट्या दर सोमवारी तीन जणांच्या उपस्थितीत उघडाव्यात.’

नियमकाकांनी पेट्या मोजल्या. तक्रारपेटी एक, सूचनापेटी एक, प्रथमोपचार पेटी एक आणि मांजराची पेटी एक. आदेशात ‘सर्व’ हा शब्द होता. तक्रारपेटीला झाकण-कुलूप आधीपासूनच होतं, उरलेल्या तिन्ही पेट्यांनाही झाकणं बसली, कुलपं लागली. मांजराच्या पेटीवर पांढऱ्या रंगात ‘क्र. ४’ असं लिहिलं गेलं आणि तिच्याही झाकणाला अर्धा इंच फट पाडण्यात आली.

“काका, एवढ्याशा फटीतून तिनं करायचं कसं?” आवकबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

“कसं करायचं ते आदेशात नाहीये बाई. कुठं करायचं तेवढंच आहे.”

आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा साहेबांसमोर ठेवण्यात आला. म्हणजे वही ठेवण्यात आली. साहेबांनी शेरा मारला: ‘संबंधिताचा खुलासा घ्यावा.’ संबंधित म्हणजे टाचणी. तिला कारणे दाखवा नोटीस निघाली. ‘निर्धारित पेटी उपलब्ध असताना आपण अन्यत्र विधी का उरकला, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ शिपाईदादांनी नोटीस तिच्यासमोर धरली. टाचणीनं ती हुंगली आणि निघून गेली.

“घेत नाही म्हणते,” शिपाईदादांनी येऊन सांगितलं.

“स्वीकारण्यास नकार,” नियमकाकांनी लिहून घेतलं. “मग तिच्या दारावर डकवा.”

टाचणीला दार नव्हतं. तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती पेटी क्रमांक चार. नोटीस तिच्या झाकणावर डकवण्यात आली. कागद मोठा होता, त्यामुळे फटही झाकली गेली.

पुढच्या सोमवारी साहेब, नियमकाका आणि आवकबाई अशा तिघांच्या उपस्थितीत पेट्या उघडायचा कार्यक्रम झाला. उघडायचा म्हणजे हलवायचा. तक्रारपेटीची किल्ली अकरा वर्षांपूर्वीच हरवली होती आणि कुलूप तोडायला परवानगी मिळाली नव्हती. तेव्हापासून पेटी कानाशी धरून हलवायची, आवाज आला नाही की वहीत ‘निरंक’ लिहायचं, अशी पद्धत पडली होती. अकरा वर्षांत आवाज आला नव्हता. साहेबांना त्याचा फार अभिमान होता. त्यांनी तसं दरवर्षीच्या अहवालात लिहिलंही होतं.

पेटी क्रमांक चारही त्यांनी हलवली. कोरडी वाळू तेवढी सळसळली.

“स्वच्छ!” साहेब म्हणाले. “मांजर ठेवलंय आणि पेटी बघा, अगदी कोरी करकरीत. लिहा, निरंक. म्हणजे मांजराची काही अडचण नाही.”

“साहेब, अडचण तुमच्या खुर्चीवर आहे,” दारातून शिपाईदादा म्हणाले.

साहेबांची खुर्ची मखमली उशीची होती. होती असंच म्हणायला हवं, कारण ती उशी नंतर कुणी हातात धरली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे समिती नेमली. समितीनं तीन बैठका घेतल्या आणि उपाय सुचवले. टाचणीला पेटीची ओढ वाटावी म्हणून पेटीला आतून-बाहेरून फिनेल फासलं. तिला पेटी सापडावी म्हणून भिंतीवर बाण काढले. तिच्यावर लक्ष राहावं म्हणून पेटी दप्तरखान्यातून काढून शिक्का मारायच्या यंत्राखाली आणून ठेवली. ते यंत्र दर अर्ध्या मिनिटाला असं काही दणका देई की नवख्या माणसाच्या हातून पेन पडे. शेवटी प्रशिक्षण झालं. शिपाईदादा पेटीजवळ उकिडवे बसले आणि नियमकाकांनी टाचणीचं तोंड त्यांच्याकडे वळवून धरलं.

“मी काय करायचंय नक्की?” शिपाईदादांनी विचारलं.

“फक्त बसा. तिला कल्पना यायला पाहिजे.”

टाचणीला बहुधा काहीतरी कल्पना आली असावी, कारण त्यानंतर तीन दिवस ती कपाटावरून खालीच उतरली नाही. उतरली तेव्हा तिनं समितीच्या अहवालाचा मसुदा निवडला.

आता मात्र साहेबांचा संयम संपला. गुरुवारी वरून तपासणीला मोठे साहेब यायचे होते. “गुरुवारपर्यंत हिचं वळण सुधारलं नाही,” साहेब म्हणाले, “तर शुक्रवारी हिची बदली. गावाबाहेरच्या गोदामात. तिथंही उंदीर आहेत.”

तिथं उंदीर होते हे खरंच. तिथं तीन राखणदार कुत्रेही होते, आणि गेल्या वर्षभरात बदलून गेलेलं एकही मांजर तिथल्या हजेरीवर राहिलं नव्हतं. आवकबाईंना दुसरं होतं कोण? एकटं घर, ओळखीपुरते शेजारी, आणि दिवसभर कुणी मायेनं अंगाला अंग घासलं असेल तर ते याच मांजरीनं. त्या बदलीचा कागद आपल्याच हातून जावक होणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. डबा तसाच ठेवून त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण जनावरांची डॉक्टर होती.

“ताई, आधी सांग, लघवी करताना ती ओरडते का? सारखी सारखी जाऊन थेंब थेंब करते का? रक्त वगैरे?”

“नाही गं. एकदाच करते, पण जागा निवडून करते.”

“मग आजार नसावा, तरी मी येऊन बघते. तिची पेटी कशी आहे?”

आवकबाईंनी झाकण सांगितलं, कुलूप सांगितलं, फट, नोटीस, फिनेल आणि यंत्र सांगितलं.

“ताई,” बहीण म्हणाली, “तुमच्या ऑफिसात सगळे ठीक आहेत ना?”

“सगळे कायम आहेत.”

“अगं, मांजराला काय लागतं? उघडं पसरट भांडं, बारीक वाळू, शांत कोपरा आणि रोजची सफाई. फिनेलचा वास त्यांना अजिबात सहन होत नाही. झाकण काढ, पेटी होती तिथं ठेव, संपलं. कुणी मोठा माणूस लागतो का याला?”

संध्याकाळी बहीण येऊन टाचणीला तपासून गेली. मांजरी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी आवकबाई नियमकाकांसमोर उभ्या राहिल्या.

“काका, झाकण काढूया.”

“बाई, पेटी म्हटली की झाकण आलंच. तुमचं म्हणणं लेखी द्या. सूचनापेटीत टाका.”

“ती कधी उघडणार?”

“सोमवारी. हलवून बघू.”

सोमवार गुरुवारनंतर येत होता. शिवाय तो हलवण्याचा प्रकार बाईंनी अकरा वर्षं स्वतः केला होता. कागदाचा आवाज किती होतो ते त्यांना माहीत होतं. त्या जागेवर येऊन बसल्या. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत दुरुस्त करून गवंडी निघून गेले होते आणि त्यांचं एक लोखंडी घमेलं उपडं पडलेलं होतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आदेशाची फाइल काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. फाइलमध्ये घमेल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी घमेलं धुतलं, बारीक वाळू भरली आणि दप्तरखान्यात शेवटच्या मांडणीमागं, जुन्याच कोपऱ्यात ठेवलं. टाचणी आली. तिनं कडेनं एक फेरी मारली, पुढच्या पंजानं वाळू उकरली आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं बसली. पंधरा दिवस जे साहेब, समिती आणि बाण यांना जमलं नव्हतं, ते एका मिनिटात झालं. आवकबाईंना रडू आलं आणि हसूही आलं. त्यानंतर त्या रोज दोनदा स्वतःच्या हातानं वाळू साफ करत आणि कुणालाही काही बोलत नसत.

गुरुवारी मोठे साहेब आले. त्यांनी तक्रारपेटी कानाशी धरून हलवली आणि मान डोलावली. मग पेटी क्रमांक चार हलवली.

“ही मांजराची? हिच्यात तर काहीच नाही!”

“महिनाभर निरंक आहे,” साहेब म्हणाले. “झाकण आणि कुलूप आल्यापासून.”

“उत्तम. आणि इतरत्र?”

“गेले तीन दिवस इतरत्रही निरंक.” साहेबांनी हे म्हणताना नव्या उशीवर अलगद हात फिरवला.

मोठे साहेब दप्तरखान्यात गेले. शेवटच्या मांडणीमागं डोकावले. आवकबाई मागोमाग गेल्या. घमेल्यात टाचणी कामात होती.

“हे काय आहे?”

नियमकाका पुढे झाले. त्यांनी घमेलं पाहिलं, टाचणीला पाहिलं आणि मग आवकबाईंचा चेहरा पाहिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नियम सोडून काही पाहिलं असेल तर ते त्या एका क्षणी.

“घमेलं आहे, साहेब.”

“घमेल्यांबाबत काही आदेश?”

“नाहीत.”

“मग ते इथं नाही,” मोठे साहेब म्हणाले आणि पुढे गेले. जाताना त्यांनी वहीत लिहिलं की झाकण-कुलूप योजनेचं यश अनुकरणीय असून सर्व कार्यालयांतल्या मांजरांना ती लागू करावी. टाचणीची बदली रद्द झाली. नियमकाकांनी त्या दिवशी आवकबाईंशी एक शब्दही जास्तीचा काढला नाही, फक्त स्वतःच्या डब्यातलं कपभर दूध टाचणीसाठी बाईंच्या टेबलाखाली ठेवून गेले.

त्याच दुपारी आवकबाईंच्या टेबलाशी एक आजोबा आले. हातात चार ठिकाणी घडी पडलेला कागद होता.

“बाई, या दाखल्यावर माझी मुलगी माझी बायको म्हणून लागली आहे. चौथी खेप आहे माझी. आता मला लेखी तक्रार करायची आहे.”

आवकबाईंना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. हाताच्या अंतरावर आवक ट्रे रिकामा होता आणि क्रमांकाचा शिक्का त्याच्या शेजारी होता. पण तक्रारीसाठी पेटी ठरलेली होती.

“पेटीत टाका, आजोबा.”

आजोबा पेटीकडे गेले आणि परत आले. “कागद आत जात नाही हो.”

बाई उठल्या. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि आजोबांचा कागद फटीत दाबला. आत काहीतरी गच्च होतं, थरावर थर बसलेलं. जोर लावल्यावर कागद कसाबसा गेला.

“बाई, उठलाच आहात तर हलवून बघा जरा,” जागेवरूनच नियमकाका म्हणाले.

बाईंनी पेटी कानाशी धरून हलवली. ती पूर्वीपेक्षा जड लागली. आवाज आला नाही.

“निरंक,” त्या म्हणाल्या.

आजोबा बाईंच्या मागोमाग टेबलाशी आले. टेबलावर टाचणी पोट भरून झोपली होती. “या मांजराचं काही काम अडलं होतं म्हणे,” ते हळूच म्हणाले. “ते कसं झालं?”

“ते थेट साहेबांच्या खुर्चीवर गेलं होतं,” आवकबाई म्हणाल्या.

आजोबांनी साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक पाऊल त्यांनी त्या बाजूला टाकलंसुद्धा.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, “आजोबा, आटपा की जरा! आम्हालाही कामं आहेत.”

आजोबा बाजूला झाले. बोलणारे तुम्हीच होता. रांगेत तिसरे, हातात निळी फाइल. तुमचा दाखला पाच मिनिटांत मिळाला. त्यात एकच चूक होती, तीही लहानशी, आणि तिच्याबद्दल तुमची काही तक्रार नव्हती.