एक बंद पडनं ते?

देवपुरातले आमचे शेजारी नाना दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधतात. खिशात दोन पेनं, घरात दोन स्टोव्ह. कोणी हसलं की विचारतात, "एक बंद पडनं ते?" एक बंद पडलं तर काय, याचं उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

म्हणून एकोणनव्वद साली त्यांनी दोन सिलिंडरची जुनी मोटरसायकल हेरली, याचं मला नवल वाटलं नाही. गोल दिवा, चकचकीत टाकी, जुन्या धाटणीची. मी आकडा सांगितला, "नाना, लिटरला पंचवीस. पेट्रोल दुप्पट लागेल."

त्यांच्या मंडळी, म्हणजे अक्का, आतूनच म्हणाल्या, "सांगा भाऊ! साठीत आता मिशा काळ्या करायच्याच राहिल्यात!"

नानांनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, वजन किती तुमचं?"

"एकोणसत्तर."

"चला मग."

गाडीवाल्याने आधीच बजावलं, "पाचला भडगावचं गिऱ्हाईक येतंय. त्याआधी काय ते सांगा." नानांच्या डाव्या घड्याळात चार दहा झाले होते, उजव्यात चार बारा. त्यांनी एका प्लगचं टोपण उपटून खिशात टाकलं.

"अहो, एका सिलिंडरवर कोणी चालवतं का?" गाडीवाला म्हणाला.

"लळिंगचा घाट चढली, तर घेतली."

मी मागे बसलो. सपाटीवर ठीक होतं. चढ लागला तशी गाडी थरथरू लागली. काटा पंधरावर आला, मग दहावर. मागून ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येत होता.

"नाना, मी उतरतो!"

"उतरायचं नाही!" नाना इतके ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

ट्रक घासून पुढे गेला. गचके खात गाडी माथ्यावर पोचली. नानांनी ती कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"मे महिन्यात आमच्या हिला दम लागला, म्हणून जळगावला डॉक्टरकडे नेत होतो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पारोळ्याच्या अलीकडे आधीची एका सिलिंडरची गाडी बंद पडली. हिला चालवेना. तशीच सीटवर बसवून दोन किलोमीटर ढकलली. ऊन हे असं. ही एक अक्षर बोलली नाही."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुम्ही एकोणसत्तर. हिचं बेचाळीस भरतं."

पाचच्या आत सौदा झाला. गाडी अंगणात लागली तेव्हा अक्का दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दारापर्यंत चालूनही त्यांना धाप लागली होती.

"काय अडलं होतं हिच्यावाचून? तुमची हौस, दुसरं काय!"

नानांनी खिशातलं टोपण काढलं, त्यावर फुंकर मारली, प्लगवर घट्ट बसवलं. माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाले,

"हौस शे मनी."