परीक्षितकाकांचा चौऱ्याण्णव टक्क्यांचा पोल

"डोन्ट वरी! मला फक्त एक वीकेंड दे. तुझी खरी टक्केवारी काढून दाखवतो!" परीक्षितकाका छाती पुढे काढून म्हणाले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

परीक्षित मुळगावकर म्हणजे मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका मोटार कंपनीतून रिटायर झालेले क्वालिटी इंजिनियर. दहा बोल्ट तपासून दहा हजारांचं भविष्य सांगणारा माणूस! त्यांच्या मित्राची मुलगी शिवांगी राज्याच्या विधानसभेसाठी उभी होती. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी ऑगस्टमध्ये, पण पहिला ओपिनियन पोल एप्रिलमध्येच आला. तिघांत शिवांगी तिसरी. सहा टक्के!

"काकू, सहा टक्के म्हणजे सगळे आमचे नातेवाईकच असणार," रत्नाकाकूंच्या किचनमध्ये बसून शिवांगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "विड्रॉ करू का?"

"अजिबात नाही! त्यांचं सँपल चुकलंय!" काका गरजले.

शनिवारी काकांनी आपल्या रस्त्यावरची सगळी दारं वाजवली. प्रश्न एकच: "शिवांगी अतिशय हुशार, प्रामाणिक, मला मुलीसारखी. तुम्ही तिलाच मत देणार ना?"

आता मिशिगनची माणसं इतकी सभ्य, की तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी सॉरी तीच म्हणतील! "ॲब्सोल्यूटली!" "शुअर थिंग!" लॉन कापणाऱ्या एकाने हेडफोन न काढताच अंगठा दाखवला. काकांनी तोही मतात धरला.

"अहो, तुम्ही प्रश्न विचारताय की गळ घालताय?" रत्नाकाकूंनी विचारलं.

"हे सायन्स आहे, रत्ना!"

सायन्सचा निकाल लागला: चौऱ्याण्णव टक्के! काकांनी आकडा प्रचाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि ग्रुप लवंगी माळेसारखा तडतडायला लागला. कुणी ढोल-ताशा पथकाच्या तारखा विचारल्या. कृष्णा नावाच्या उत्साही कार्यकर्त्याने तर विजयसभेचं भाषणच लिहून पाठवलं!

पुढच्या शनिवारी दारोदार प्रचार होता. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये शिवांगी पत्रकांचे गठ्ठे घेऊन उभी. तीस जण येणार होते. आले फक्त काका आणि काकू.

काकांनी कृष्णाला फोन लावला. "काका, यार, जिंकतोच आहोत ना आपण! मी आज गॅरेज आवरायला काढलंय."

मग ग्रुपमधल्या सरलाताईंना लावला. "अहो, चौऱ्याण्णव झाले. आता उन्हातान्हात फिरून शंभराच्या वर का जाणार आहोत?"

फोन खाली आला तेव्हा काकांचा चेहरा हवा गेलेल्या टायरसारखा झाला होता. शिवांगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"काका, ही माणसं जमवायला मला सगळा हिवाळा लागला होता," ती एवढंच म्हणाली.

 काकांनी एक गठ्ठा उचलला. "चल. तिघं तर तिघं."

पहिलं दार उघडलं एका गोऱ्या आजींनी. "शिवांगी अतिशय हुशार..." काकांनी सुरुवात केली, आणि काकूंनी त्यांच्या पायावर पाय देऊन सगळा भार टाकला. तेवढ्यात शिवांगीनेच विचारलं, "तुम्हाला इथे कसला त्रास होतो?"

आजी चकित झाल्या. मग सांगायला लागल्या. बर्फ वितळलं की दरवर्षी बेसमेंटमध्ये पाणी शिरतं. नवऱ्याच्या गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स त्या एकट्याच वर चढवतात. नवरा आता नाही, रेकॉर्ड्स आहेत. शिवांगी पायरीवर बसून ऐकत राहिली. कोणतं गटार तुंबतं ते जाऊन बघूनही आली.

"उमेदवार येतात आणि सांगून जातात," आजी म्हणाल्या. "विचारलं कोणीच नव्हतं."

तेवढा वेळ काका तोंड मिटून उभे होते. अख्ख्या करिअरमध्ये इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं!

घरी येताच त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "माझा पोल बोगस होता. मी उत्तर सांगून प्रश्न विचारत होतो. उद्या या. प्लीज." दुसऱ्या दिवशी निम्मे लोक आले. कृष्णा तर गॅरेजच्या धुळीसकट आला! त्यानंतर एकही वीकेंड चुकला नाही. काका दारोदार हिंडले आणि चक्क ऐकायला शिकले.

जूनमध्ये नवा पोल आला. शिवांगी दुसरी! तेवीस टक्के! काकूंनी लगेच शिरा परतायला घेतला. शिवांगी फोनवर हसत होती की रडत होती, ते मात्र कळत नव्हतं.

तिचा फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा रिंग वाजली. ओपिनियन पोलवाली मुलगी! इतकी वर्षं अमेरिकेचे नागरिक असून काकांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, शर्ट नीट केला, घसा खाकरला. "विचारा!"

मुलीने विधानसभेच्या उमेदवारांची चार नावं वाचली. शिवांगी त्यांत नव्हतीच.

"तुमची काहीतरी चूक होतेय!" काका ताडकन म्हणाले.

"नाही, सर. मतदारसंघांच्या सीमा हिवाळ्यातच नव्याने आखल्यात. तुमचा रस्ता आता शेजारच्या मतदारसंघात येतो. पूर्ण रस्ता."

पूर्ण रस्ता! म्हणजे त्या चौऱ्याण्णव टक्क्यांतलं एकही मत शिवांगीचं नव्हतंच! काकांचे कान लाल झाले. काकू ओट्याला धरून हसत होत्या.

"तर सर, या चौघांपैकी कोण?"

काकांनी डोक्याला खूप ताण दिला. चौघांपैकी एकाचंही नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"माहीत नाही," ते बारीक आवाजात म्हणाले.

"काळजी करू नका, सर," मुलगी उत्साहाने म्हणाली. "सध्या तेच आघाडीवर आहे!"