वीस ऑगस्टचा कूलर

कूलरचं पाणी वीस ऑगस्टलाच काढायचं, असं वामनराव लांजेवारांनी ठरवलं आणि वामनरावांनी एकदा ठरवलं की ठरवलं. (हा गुण नव्हे, हे त्यांच्या बायकोला सदतीस वर्षांपासून ठाऊक होतं.)

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच उद्योग होता. जगभरचे सण आणि दिवस गोळा करायचे, महिन्याची यादी भिंतीला चिकटवायची आणि रोज सकाळी साडेसहाला त्या दिवसाचा मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा. ऑगस्ट तर नुसती पर्वणी. आठला मांजर दिन, अकराला जपानचा पर्वत दिन, बाराला हत्ती दिन, तेराला डावखुऱ्यांचा. घरची कामंही ते त्या त्या दिवशीच करत. पाण्याची टाकी जल दिनाला धुणार आणि 'कशी आहेस?' हे बायकोला महिला दिनाला विचारणार.

"अहो, कूलरच्या टाकीत किडे वळवळून राहिले," गोपिकाबाई तीन तारखेला म्हणाल्या. "वतून टाका न."

"वीस तारखेले जागतिक डास दिन आहे वं. साऱ्या कॉलनीसमोर वतू. फोटो निघते."

"तोवर डास थांबतीन काय?"

वामनराव हसले. डास थांबले नाहीत. हत्ती दिनाला गोपिकाबाईंना ताप भरला आणि सोळाला त्या दवाखान्यात भरती झाल्या.

सतराच्या पहाटे डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आहे. प्लेटलेट अठरा हजार, आणि हिरड्यांतून रक्त येतंय. संध्याकाळच्या आत ओ पॉझिटिव्ह डोनर आणा."

"माझंच घ्या न! ओ पॉझिटिव्हच आहे."

"वय?"

"सहासष्ट."

"चालत नाही, काका."

लेक अपेक्षा पुण्याहून निघाली होती, पण पोचायला रात्र होणार. ही गेली तर मीच मारली हिला, दुसऱ्या कोणी नाही, एवढंच वामनरावांच्या डोक्यात घुमत होतं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'पत्नी गंभीर. ओ पॉझिटिव्ह प्लेटलेट डोनर तातडीनं हवा. कृपया मदत करा.' (घड्याळात नेमके साडेसहा वाजले होते. दुर्दैव, दुसरं काय!)

पाच मिनिटांत उत्तरं आली.

'आपणांसही हार्दिक शुभेच्छा.'

'खूप छान माहिती, काका.'

'सर्व इंडोनेशियन बांधवांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा.' (आज तिकडचा स्वातंत्र्यदिन, हे वामनरावांनीच आदल्या आठवड्यात कळवलं होतं.)

दोनशे चौदा माणसांत वाचणारा एक नाही! फोन लावले तर कोणी उचलेना. शेवटी ऑटो करून ते कॉलनीत आले आणि दारं ठोठावू लागले. पहिल्या दारामागून सरिताबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "दिनविशेषवाले आले वाटते. घरी कोणी नाही म्हणा!" दुसऱ्या घरचा टीव्ही एकदम बंद झाला. तिसऱ्या घरी दिवाही विझला. वामनराव जिन्यात बसले आणि लहान मुलासारखे रडले.

उरलं एकच दार, धम्मानंदचं. हा मार्चमध्ये ग्रुप सोडून गेला होता आणि वामनरावांनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो बुटीबोरीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच आला होता.

"काय झालं, काका? आत या न."

वामनरावांनी कसंबसं सांगितलं.

"मी ओ पॉझिटिव्हच. पण उपाशी पोटी घेत नाहीत ते. दोन घास खातो अन् निघू."

मग वामनराव समोर बसून त्याचा एकेक घास मोजत राहिले. मध्येच हात जोडून म्हणाले, "आणखी एक पोळी घे गा. माह्यासाठी घे."

धम्मानंदनं पाच पोळ्या खाल्ल्या, प्लेटलेट दिल्या आणि परत येताच कुणालाही न विचारता कूलर अंगणात उलटा केला.

एकवीस तारखेला गोपिकाबाई घरी आल्या. अंगात त्राण नव्हतं, पण जीव होता. वामनरावांनी त्यांना पाणी पाजलं, उशी सारखी केली, पाय चेपले. या चार दिवसांत त्यांनी फोनला हात लावला नव्हता. गोपिकाबाईंनी पडल्या पडल्या आपला फोन उघडला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अहो, ग्रुपवर त्या सुशीलनं लिहिलं, 'चार दिवसांपासून काकांचा मेसेज नाही. दवाखान्यात दिसले म्हणे.' त्याच्याखाली कोणी लिहिलं, 'अरेरे. भावपूर्ण श्रद्धांजली.' मंग साऱ्याईनंच लिहिलं. एकेचाळीस श्रद्धांजल्या आहेत तुमाले!"

"काय? अवं, लिही लवकर! मी जित्ता आहे म्हणून लिही!"

"थांबा न. नानाजी लिहितेत, 'वामनरावांच्या जाण्यानं ग्रुपमध्ये शांतता पसरली आहे.' याले एकशे बारा अंगठे पडले."

वामनराव मटकन खाली बसले. त्यांच्या उभ्या हयातीत कोणत्याही मेसेजला तीनच्या वर अंगठे पडले नव्हते, आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचा असायचा.

"दे तो फोन इकडे," ते म्हणाले. "मीच लिहितो."

गोपिकाबाईंनी सुईनं काळानिळा पडलेला हात उशीखाली सरकवला, फोनसकट.

"राहू द्या," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "लोकं एवढे खूश आहेत, काहून त्याईचा जीव दुखवता?"