स्वस्तिकापासून स्वस्तिकापर्यंत

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला सकाळी सकाळी ज्ञानदेवानं ट्रॅक्टरची पुढची चाकं स्वतःच सरळ करायचं ठरवलं. (अवघड काम अंगावर घ्यायला त्याला नेहमी सणाचाच दिवस सापडायचा.)

ट्रॅक्टर तीन घरं फिरून आलेला, म्हातारा. जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायची आणि स्टिअरिंग हातात नाचायचं. एरवी चालून गेलं असतं. पण त्या दुपारी बायकोला, रंभाला, ट्रॉलीत बसवून केडगावच्या सासुरवाडीला सोनं द्यायला न्यायचं होतं. जावयानं बैलजोडी विकून हे धूड आणलं तेव्हापासून सासरे कोंडिबा त्याच्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलत. आज ट्रॅक्टर झोकात त्यांच्या दारात उभा राहिला तरच ज्ञानदेवाची अब्रू राहणार होती.

दौंडच्या म्हस्कू मिस्त्रीनं युक्ती सांगितली होती. "दोन्ही चाकांवर पुढच्या अंगाला मधोमध खुणा करा, दोरीनं अंतर घ्या. मग ट्रॅक्टर ढकला. खुणा मागं आल्या की परत मोजा. पुढचं अंतर दोन सूत, म्हंजी पाव इंच कमी पायजे. नसंल तर चाकं जोडणारा टायरॉड फिरवायचा. त्यात काय हाय?"

ज्ञानदेवानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन दोन खुणा केल्या, दोरी ताणली, गाठ मारली आणि चहा प्यायला आत गेला.

तेवढ्यात त्याची आई सोजरबाई पूजेचं ताट घेऊन आली. "सणासुदीचं चाकाला चुन्याचं डाग!" म्हणत तिनं ते पदरानं स्वच्छ पुसले आणि कुंकवाची स्वस्तिकं काढली. एक अगदी मधोमध आलं. दुसऱ्या चाकापाशी कडब्याची गंज होती, तिथं हात पुरेना, म्हणून ते टायरच्या बाहेरच्या कडेला काढलं.

चहा पिऊन आलेल्या ज्ञानदेवाला वाटलं, आईनं खुणांवरच कुंकू लावलं. त्यानं भक्तीनं हात जोडले. रंभाला घेऊन ट्रॅक्टर ढकलला, स्वस्तिकापासून स्वस्तिकापर्यंत दोरी धरली. मागचं अंतर चांगलं चार बोटं जास्त!

"बघ, चाकं पुढं पार एकमेकांच्या गळ्यात पडली होती," तो म्हणाला आणि घाम गळेपर्यंत टायरॉड फिरवून चाकं पुढून फाकवत गेला.

"अवो, फेंगडी दिसत्यात," रंभा म्हणाली.

"तुझ्याकडं माप हाय का?"

"डोळं हायती की."

डोळ्यांचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. ट्रॅक्टर निघाला तो टायर घासत, किंकाळ्या फोडत. ट्रॉलीत रंभा आणि सोजरबाई आपट्याची पानं पोटाशी धरून बसल्या होत्या. रस्त्यातली माणसं आपणहून बांधावर चढत होती. "नवं काम हाय, बसाया येळ लागतो," ज्ञानदेव ओरडून सांगत होता. सासुरवाडी हाकेवर आली आणि मऊ मातीत दोन्ही चाकं दोन दिशांना रुतली. ट्रॅक्टर बंद पडला.

समोरून कोंडिबा बैलगाडी घेऊन आले. ज्ञानदेवाला वाटलं, आपण ट्रॉलीखाली जाऊन बसावं. म्हातारा उतरला, ट्रॅक्टरपुढं उकिडवा बसला आणि पेरणीच्या पाभरीचे फण तपासावेत तसा त्यानं एक डोळा मिटला.

"जावयबापू, एक चाक शिरूरला निघालंय, एक दौंडला. तुम्ही केडगावला येणार कसं?"

"मापानं केलंय, मामा. स्वस्तिकापासून स्वस्तिकापर्यंत."

कोंडिबांनी दोन्ही चाकांच्या खाचांत उरलेलं कुंकू बघितलं. "एक मधी हाय, एक कडंला."

सगळ्यांनी सोजरबाईकडं बघितलं.

"माझा हात पुरला न्हाई तिकडं," ती ठसक्यात म्हणाली. "देवाला चाललं. ह्याच्या ट्रॅक्टरला चालत न्हाई व्हय?"

कोंडिबांनी गाडीची सोल, म्हणजे जाड दोर, काढली, मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणून धरली, नजरेनं अंदाज घेतला आणि हात पुढं केला. ज्ञानदेवानं त्या हातात पाना दिला. ज्या माणसानं जन्मात बैलाशिवाय काही हाकलं नव्हतं, तो धोतर खोचून जावयाच्या ट्रॅक्टरखाली शिरला. ज्ञानदेवाला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मनातून फार बरंही वाटलं. वर्षभरात सासरे पहिल्यांदाच पावसापाण्याखेरीज काही बोलत होते, मग ते टोमणे का असेनात.

ट्रॅक्टर सुरू झाला आणि सुतासारखा सरळ चालला. बैलगाडी सोबतच्या गड्याकडं देऊन कोंडिबा मडगार्डवर चढून बसले. वेशीत सगळं गाव सोनं लुटायला जमलं होतं. ज्ञानदेवानं छाती पुढं काढली.

"कोंडिबा," पारावरून गेणबा पाटील ओरडला, "बैलं सोडून यंत्रावर? आन् हात कशानं काळं झालं?"

"काय करतू," कोंडिबा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी दिली तवाच वाटलं हुतं, कवातरी पानाबी हातात घ्यावा लागंल."

गाव हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसली ती ट्रॉलीतली रंभा.